आमच्या घरात कुणालाही हत्तीपाय नाही, तरी आशाताई गोळ्या का देतात? आणि त्यांच्यासमोरच का खायच्या?

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात आशा आहे. तुमचा हा प्रश्न प्रत्येक मोहिमेत दोन-चार घरी तरी ऐकते. विचारता ते बरोबरच आहे. अंगात काही नसताना औषध का खावं?

पण अंगात काही नाही, हे कळणार कसं? हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं रक्तात फिरत असली तरी कित्येक वर्षं माणसाला काहीच जाणवत नाही. बोटाच्या रक्तात ती येतात तीही रात्री, कारण त्यांना पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणूनच तपासणीचं पथक रात्री साडेआठनंतर गावात येतं. आमच्याकडे एका घरी सगळ्यांचं रक्त घेतलं, तर दूषित निघाला तो धानाची पोती उचलणारा धडधाकट मुलगा. त्याला चावलेला डास पुढे कुणाला चावेल, कोण सांगणार?

मोठे जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, पाच-सहा वर्षं जगतात आणि पिल्लं सोडत राहतात. आम्ही देतो त्या डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्यांनी मुख्यतः ही पिल्लं मरतात. मोठे जंत म्हातारे होऊन मरेपर्यंत दरवर्षी रक्त साफ ठेवायचं, म्हणजे डासाला न्यायला काही उरत नाही. त्यासाठी गावातल्या १०० पैकी किमान ६५ जणांच्या पोटात गोळ्या जायला हव्यात. हातात नाही, पोटात.

हे मी कशी शिकले ते सांगते. पूर्वी आम्ही गोळ्या हातात देऊन पुढच्या घरी जायचो. एकदा बाळंतिणीला भेटायला एका घरी गेले, तर कोनाड्यात देवाच्या फोटोमागे कागदाची पुडी दिसली. चार माणसांच्या गोळ्या, मीच दिलेल्या. माझ्या वहीत त्या चौघांपुढे ‘खाल्ल्या’ असं लिहिलेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी पाण्याचा पेला भरून आणायला सांगते आणि गोळी गिळेपर्यंत उंबऱ्यावरून हलत नाही. तुमच्या आशाताईंचा राग मानू नका.

उपाशीपोटी मात्र खाऊ नका. डीईसी २ ते ५ वर्षांच्या मुलाला एक, ६ ते १४ ला दोन, त्यावरच्यांना तीन. अल्बेंडाझोलची एक, चावून. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही देतात, ते उंची मोजून. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना देत नाहीत. नंतर कुणाला ताप, डोकेदुखी, मळमळ झाली तर घाबरू नका. बहुतेकदा रक्तातली पिल्लं मरत असतात म्हणून तसं होतं, आणि एक-दोन दिवसांत उतरतं. जास्त वाटलं तर आशाताईंना लगेच कळवा.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. सुजून जाड झालेला पाय या गोळ्यांनी पूर्वीसारखा होत नाही. याच रोगाने पुरुषांना होणाऱ्या अंडवृद्धीवर ऑपरेशन आहे, पायाला रोजची निगा. आमच्या गावातल्या एका आजीचा पाय मी पहिल्यांदा धुतला तेव्हा बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या, वास येत होता, आणि ती लाजेने पदर तोंडावर घेऊन बसली होती. साधा साबण, साधं पाणी, बेचक्या मऊ फडक्याने हलकेच कोरड्या करायच्या, मग मलम, आणि बसताना पाय उशीवर. आता तिची नातच रोज संध्याकाळी हे करते. आधी आजीला दर महिना-दोन महिन्यांनी थंडी वाजून ताप भरायचा. या पावसाळ्यात एकदाही आला नाही.