सूक्ष्मजीवशास्त्रात ‘समुदायां’चा अभ्यास : पुढे काय?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी सोलापुरात बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवीनंतर तिने डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये लागावे असे आपल्याला वाटते, तर तिला माती-पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या समुदायांवर, म्हणजे एकत्र राहणाऱ्या अनेक जातींच्या सूक्ष्मजीवांवर, काम करायचे आहे. ‘यात पोट भरेल का?’ हा आपला प्रश्न रास्त आहे.

तिची ओढ कशाची आहे, ते आपल्याच गावातल्या उदाहरणाने सांगतो. चादरी-टॉवेलांचे सूत रंगवून उरलेल्या पाण्यातील अ‍ॅझो रंग (कृत्रिम रंगांचा एक प्रकार) प्राणवायू नसलेल्या टाकीतले जिवाणू तोडतात. पाण्याचा रंग उतरतो, पण मागे उरणारी अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स ही रसायने घातक असू शकतात आणि ती संपवायला हवा खेळवलेल्या टाकीतले वेगळे जिवाणू लागतात. त्यामुळे जिवाणूचे नाव कळून भागत नाही. त्याला काय जमते, शेजारी कोण आहे आणि क्षार, तापमान किंवा प्राणवायू बदलला की कोण तगते, हे समजावे लागते.

या विषयात निम्मे काम संगणकावर चालते. मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या बशीत) वाढतच नसल्याने डीएनए वाचून त्यांची ओळख पटवतात, म्हणून तिने आतापासूनच संख्याशास्त्र आणि ‘आर’ किंवा पायथॉन ही संगणकाची भाषा शिकावी, हा माझा आग्रह आहे. एम.एस्सी.साठी महाविद्यालय निवडताना तिथे प्रकल्प खरोखर करून घेतात का, ते पाहावे. उन्हाळी प्रशिक्षणासाठी केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथे चौकशी करावी.

पैशांचे म्हणाल, तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पीएच.डी. करताना सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात. सांडपाणी प्रक्रिया आणि जैविक खते या क्षेत्रांत नोकऱ्या आहेत, मात्र सुरुवातीचा पगार बेताचा असतो. लॅबचा मार्ग पदवीनंतरही खुलाच राहतो, त्यामुळे आज तिला अडवण्याचे कारण मला दिसत नाही.

तोवर तिने एक प्रयोग करावा. मे महिन्यात आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर शेतातली चमचाभर काळी माती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्यावी. पाण्यात कालवून तिचा एक भाग 80 अंश सेल्सिअसला 10 मिनिटे तापवावा, दुसरा तसाच ठेवावा आणि दोन्ही अगार प्लेटवर (जिवाणूंचे खाद्य घातलेल्या जेलीच्या बशीवर) पसरावेत. तापवलेल्या भागातून मुख्यतः बीजाणूच (काही जिवाणूंची कठीण काळ काढणारी, टणक कवचाची निद्रिस्त रूपे) वाचतात, त्यामुळे उन्हाळा काढायला कोण निजून राहिले होते याचा अंदाज येतो. त्या प्लेट तिच्याकडून आपणही समजून घ्याव्यात आणि मगच निर्णय करावा.