संभाजीनगरहून नागपूरला जाताना लोणार सरोवरासाठी दोन तास पुरतील का?

पुरणार नाहीत. समृद्धी महामार्गावरून मेहकरजवळ बाहेर पडायचे, लोणार ‘उरकून’ घ्यायचे आणि पुन्हा महामार्गाला लागायचे, असा आपला बेत आपण प्रश्नात लिहिला आहे. तो ‘उरकून’ शब्द वाचला आणि माझे थोरले बंधू डोळ्यांसमोर उभे राहिले, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

महामार्ग झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. शेगावचे दर्शन आटोपून आम्ही जालन्याकडे परतत होतो. गाडी बंधूंची, पुढे ते आणि वहिनी, मागे मी आणि वडील. वडिलांनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता. उल्कापातामुळे बेसॉल्टमध्ये पडलेले विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी खारे व आम्लारी, हे त्यांनी फळ्यावर कितीदा लिहिले असेल याची गणती नाही, पण लोणार त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या खिशातल्या डायरीत लाल लिटमसच्या दोन पट्ट्या होत्या, शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या. बंधूंनी कडेवर गाडी लावली, फोटो काढले आणि ‘दिसले ना सगळे, अंधार पडायच्या आत जालना गाठायचे आहे’ असे जाहीर केले. वडील काही न बोलता गोमुखातून पडणाऱ्या झऱ्याच्या धारेच्या बाजूने पायऱ्या उतरू लागले, मी त्यांच्या मागे. अर्ध्या वाटेवर पोहोचलो तोच वरून हॉर्न सुरू झाला, आणि तो थांबेना. वडिलांनी डायरी खिशातून काढली होती, ती परत ठेवली आणि आम्ही वर आलो.

पुढे दोन वर्षांनी मी त्यांना मुद्दाम मुक्कामी घेऊन गेलो, पण तोपर्यंत त्यांचे गुडघे गेले होते. ते गोमुखाच्या धारेपाशी बसून राहिले आणि मी एकटा पट्ट्या घेऊन उतरलो. वर धारेला बारमाही गोडे पाणी पडते, आणि खाली काठावर पांढरट खारवलेला चिखल, त्यात घोट्यापर्यंत रुतणारा पाय आणि नाकात शिरणारा उग्र, कुजकट वास. सरोवरात आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते फक्त वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात, हे कडेवरून कसे कळणार? पट्टी बुडवताक्षणी निळी झाली. ती वाळवून वर आणली, तेव्हा वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि ‘आम्लारीच आहे’ एवढेच म्हणाले.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले (खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, पुण्याच्या आघारकर संस्थेने ते तपासले होते), तेव्हा बंधूंनी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘बरे झाले, आपण आधीच पाहून ठेवले.’ त्यांनी काय पाहिले होते, हे मी त्यांना अजून विचारतो आहे.

तेव्हा एक रात्र लोणारातच काढावी. दुपारी पोहोचल्यास गावातले दैत्यसूदन मंदिर पाहावे, त्यातील शिल्पांना तासभर सहज लागतो. आणि सकाळी लवकर धारेवरून उतरून सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत जावे. उतार सुमारे दीडशे मीटरचा आहे, आणि उतरण्यापेक्षा चढण्याला बराच अधिक वेळ लागतो, हा हिशेब आधीच धरावा.

अर्थात पावसाळ्यात पायवाट निसरडी असते आणि पाणी चढलेले असल्यास देवळापर्यंत जाता येईलच असे नाही. हे अभयारण्य आहे, त्यामुळे खाली उतरण्याची वेळ वनखात्याच्या माणसांना विचारून ठरवावी. बरोबर वृद्ध मंडळी असतील तर त्यांना धारेपाशी बसवावे, तिथूनही दृश्य उत्तम आहे. माझ्या वडिलांची तक्रार नव्हती.

आणि खरोखर दोनच तास हाताशी असतील, तर त्याच महामार्गावर अलीकडे सिंदखेडराजाला बाहेर पडावे. जिजाऊंचे जन्मस्थान असलेला लखुजीराव जाधवांचा राजवाडा तेवढ्या वेळात नीट पाहून होतो. लोणार परतीच्या फेरीसाठी ठेवावे.