पोर्तुगीजमधला कंडिशनल, म्हणजे 'केलं असतं' या अर्थाचं क्रियापदाचं रूप, कसा बनवायचा, आणि लिस्बनमध्ये तो कुणी बोलतच नसेल तर शिकायचा कशाला?

तुम्ही लिहिलंय की पणजीत क्लास लावलाय, 'पैसे असते तर मी घर घेतलं असतं' याचं तुम्ही 'से एउ तेरीआ दिन्यैरु, कोंप्रारीआ उमा काझा' असं केलंत आणि टीचरनी पहिल्या 'तेरीआ'वर लाल रेघ मारली, का मारली ते कळलं नाही. आणि वर तिकडे लिस्बनला असलेले तुमचे मिस्टर म्हणतात की इथे ते 'रीआ रीआ' कोणी बोलत नाही, उगाच डोकं खाऊ नकोस. तर टीचरही बरोबर आहेत आणि मिस्टरही बरोबर आहेत, पण दोघांची कारणं वेगळी आहेत. मी मूळची कुडाळची, पोर्तुगीजचा श्रीगणेशा पणजीलाच केला आणि आता लिस्बनमध्ये आरोयुश भागात राहते, आणि तुमची हीच चूक मी इथे येऊनसुद्धा कितीतरी महिने करत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शब्द देवनागरीत जमेल तसे लिहिलेत, अक्षरी उच्चार थोडा इकडेतिकडे होईल, चालवून घ्या.

आधी बनवायचं कसं ते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. पोर्तुगीजमध्ये इतर बऱ्याच काळांत आर, एर, इर अशा शेवटांच्या क्रियापदांच्या तिन्ही गटांची रूपं वेगवेगळी होतात, इथे मात्र तिघांनाही एकच शेपूट. मूळ क्रियापद घ्यायचं, त्यातलं काहीही न कापता, आणि पुढे ईआ लावायचं. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे, आपला महिन्याचा पगार त्याच क्रियापदावरून आलाय, म्हणजे मूळ रूप तुमच्या तोंडात लहानपणापासून आहे, त्याला ईआ लावलं की झालं 'पागारीआ'. मी पागारीआ, तू पागारीआश, तो-ती किंवा मानाने 'आपण' पागारीआ, आम्ही पागारीआमुश, ते पागारीआंव. जोर कायम त्या 'री'वर द्यायचा, आणि लिहिताना फक्त 'आम्ही'च्या रूपात त्या 'ई'वर तिरकी रेघ येते, बाकीच्यांत नाही. 'कोमेर' (खाणे) चं कोमेरीआ, 'पार्तिर' (निघणे) चं पार्तिरीआ. एरवी जी क्रियापदं जीव काढतात ना, सेर (असणे), इर (जाणे), तेर (जवळ असणे), विर (येणे), ती इथे शहाण्यासारखी वागतात, सेरीआ, इरीआ, तेरीआ, विरीआ. वाकडी फक्त तीन, दिझेर (सांगणे), फाझेर (करणे) आणि त्राझेर (आणणे), त्यांच्यातला 'झे' गळतो आणि दिरीआ, फारीआ, त्रारीआ होतं, आणि त्यांच्यापासून बनलेली पोरंबाळं, म्हणजे 'देशफाझेर' वगैरे, तीही तशीच चालतात. भविष्यकाळ शिकला असाल तर तिथेही हीच तीन वाकडी होती, कारण दोन्हीचं खोड एकच आहे.

एक गोष्ट कानाला नीट लावून घ्या. 'कोमीआ' म्हणजे खात असे, आणि 'कोमेरीआ' म्हणजे खाल्लं असतं. मधला तो 'एर' गिळलात तर काळच बदलतो, आणि लिस्बनची माणसं स्वर इतके गिळतात की सुरुवातीला दोन्ही सारखेच ऐकू येतात. 'र' शोधायचा, मूळ शब्दाच्या पोटात आधीच 'र' नसेल तर 'र' सापडला की कंडिशनल.

आता लाल रेघ. आपल्या मराठीत 'पैसे असते तर घर घेतलं असतं' या वाक्यात दोन्हीकडे 'असतं' आहे, तर-च्या अलीकडेही आणि पलीकडेही. म्हणून आपला मेंदू दोन्हीकडे एकच रूप टाकायला जातो, तेरीआ आणि कोंप्रारीआ. पोर्तुगीजला ते चालत नाही. 'से' म्हणजे 'जर', आणि या जर-च्या मागे 'रीआ' येत नाही, तिथे सबजंक्टिव्हचा, म्हणजे घडलेलं नाही, नुसतं मनात धरलेलं सांगणाऱ्या रूपाचा, भूतकाळ येतो, आणि 'रीआ' फक्त तर-च्या बाजूला. म्हणून तुमचं वाक्य 'से एउ तिवेस दिन्यैरु, कोंप्रारीआ उमा काझा'. मी आधी ज्या बाईंकडे भाड्याने राहत होते त्या सत्तरीच्या होत्या, मी 'से एउ तेरीआ' म्हटलं की भांडी घासता घासता, मागे वळूनसुद्धा न बघता, 'तिवेस, फिल्या, तिवेस' म्हणायच्या. फिल्या म्हणजे मुली. दिवसातून चारदा ऐकलं असेल, शेवटी तो शब्द त्यांच्याच आवाजात डोक्यात बसला.

हे 'तिवेस' कुठून काढायचं ते पाठ करत बसू नका, त्याची युक्ती आहे. साध्या भूतकाळातलं 'ते' चं रूप घ्या, त्यातलं 'रांव' काढा, 'स' लावा (लिहिताना दोन एस आणि एक ई असतो, तो ई जवळजवळ ऐकू येत नाही). तिवेरांव वरून तिवेस, कोंप्रारांव वरून कोंप्रास, फिझेरांव वरून फिझेस, सोबेरांव वरून सोबेस, फोरांव वरून फोस. अपवाद नाही, एकही नाही, फक्त साधा भूतकाळ पक्का पाहिजे. आणि त्याच 'तिवेरांव'मधलं नुसतं 'आंव' काढलंत तर 'तिवेर' उरतं, तोही एक सबजंक्टिव्ह आहे, भविष्याचा, आणि तो पण जर-च्या मागेच लागतो. मग कुठे तिवेर आणि कुठे तिवेस? इथे मात्र मराठी आपल्याला खरी मदत करते. 'वेळ मिळाला तर जाईन' यात शक्यता उघडी आहे, तिथे 'से तिवेर तेंपु, वो', रीआचा संबंधच नाही. 'वेळ असता तर गेले असते' यात दार बंद आहे, वेळ नाहीये हे दोघांनाही माहितीये, तिथे 'से तिवेस तेंपु, इरीआ'. मराठीत 'असता तर' म्हणावंसं वाटलं की तिवेस, 'मिळाला तर', 'आला तर', 'झालं तर' म्हणावंसं वाटलं की तिवेर. मी अजूनही बोलण्याआधी मनात हे मराठी वाक्य म्हणून बघते.

पण इथेच पुढे मराठी एक खड्डा खणून ठेवते आणि हे मला कुठल्याच क्लासात कोणी सांगितलं नव्हतं. 'वेळ असता तर गेले असते' हे वाक्य आत्ताबद्दल आहे की कालबद्दल? आपल्याला दोन्हीसाठी तेच चालतं, 'काल' किंवा 'आत्ता' लावलं की समोरच्याला कळतं. पोर्तुगीजमध्ये ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आत्ताबद्दल असेल तर 'से तिवेस तेंपु, इरीआ'. कालची गोष्ट असेल, संधी गेलेली असेल, तर दोन्ही बाजूंना 'तेर' जोडायचं, 'से तिवेस तिदु तेंपु, तेरीआ इदु'. म्हणजे तुमचं घराचं वाक्यसुद्धा, तुम्हाला म्हणायचंय की आज माझ्याकडे पैसे नाहीत म्हणून घेत नाहीये, तर कोंप्रारीआ, आणि दहा वर्षांपूर्वी जमीन स्वस्त होती तेव्हा पैसे नव्हते म्हणून राहून गेलं असं म्हणायचं असेल तर 'से तिवेस तिदु दिन्यैरु, तेरीआ कोंप्रादु'. मराठीतून पोर्तुगीज करताना तोंड उघडायच्या आधी स्वतःला विचारायचं, आत्ता की तेव्हा?

नावाबद्दल थोडं, कारण नावातच अर्धी किल्ली आहे. पोर्तुगालमध्ये याला कोंदिसिओनाल म्हणतात, ब्राझीलमध्ये मात्र १९५९ साली व्याकरणाची नावं सरकारी पातळीवर एकसारखी केली तेव्हापासून 'फुतुरु दु प्रेतेरितु' म्हणतात, म्हणजे भूतकाळातला भविष्यकाळ. मला विचाराल तर ब्राझीलचं नाव जास्त खरं आहे. कारण हे रूप मुळात दोन शब्दांचं आहे, लॅटिनमध्ये मूळ क्रियापद आणि त्याच्यामागे 'आबेर' या क्रियापदाचा भूतकाळ, अर्थ साधारण 'घ्यायचं होतं' असा, आणि ते मागचं क्रियापद झिजत झिजत त्याचं नुसतं ईआ उरलं. घ्यायचं होतं, घेणार होतो, घेतलं असतं. बघा, मराठीत हे तीन वेगळे रस्ते आहेत आणि पोर्तुगीज एका 'कोंप्रारीआ'त तिन्ही गावांना जाऊन येते. म्हणून 'जर' नसलेल्या वाक्यातही हे रूप येतं आणि आपण गोंधळतो की अट कुठे आहे. अट नसतेच तिथे. वास्को द गामा १४९७ च्या जुलैमध्ये लिस्बनहून निघाला, आणि १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला 'शेगारीआ', असं इतिहासाच्या पुस्तकात लिहितात, म्हणजे पोचणार होता, निघालेल्या क्षणाकडून पुढे बघितलेलं भविष्य. फक्त मराठीत 'पोचणार होता' म्हटलं की पोचला की नाही अशी शंका राहते, पोर्तुगीजमध्ये इथे ती नसते, तो पोचलाच.

दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही हेच. मराठीत आपण सरळ 'तो म्हणाला मी येईन' असं त्याचंच वाक्य उचलून ठेवतो. इथे 'दिस के विरीआ', म्हणाला की येणार होता. बोलणं काल झालं म्हणून भविष्यही कालच्या बाजूला सरकतं.

आता तुमच्या मिस्टरांचं. ते जे ऐकतात ते खरंच आहे, लिस्बनमध्ये रोजच्या बोलण्यात लोक 'रीआ'च्या जागी अपूर्ण भूतकाळ, म्हणजे वरच्या 'कोमीआ' (खात असे) सारखं रूप, टाकतात. 'से तिवेस दिन्यैरु, कोंप्रावा उमा काझा.' बाजारात, ट्रामच्या स्टॉपवर, घरात, सगळीकडे कोंप्रावा, आणि कालच्या गोष्टीला तेरीआ इदुच्या जागी 'तिन्या इदु'. पण नीट ऐकायला सांगा त्यांना, पहिल्या भागातलं 'तिवेस' सहसा कोणी सोडत नाही. बदलतो तो फक्त तर-चा भाग. म्हणजे टीचरनी जिथे रेघ मारली ती जागा लिस्बनच्या रस्त्यावरही चूकच ठरते, आणि मिस्टर ज्याला 'कोणी बोलत नाही' म्हणतात तो भाग तुम्ही बरोबर लिहिलाय.

विनंती करतानाही तोच अपूर्ण भूतकाळ चालतो. कॅफेत जाऊन 'केरु' म्हणजे 'मला पाहिजे' असं सहसा कोणी म्हणत नाही, उद्धट वाटतं, 'केरीआ उं काफे' म्हणतात. हे केरीआ ऐकायला कंडिशनल वाटतं पण नाहीये, ते 'केरेर'चं अपूर्ण भूतकाळाचं रूप आहे, कंडिशनल 'केरेरीआ' होईल आणि ते सहसा कानावर पडत नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही, आपणही दुकानात 'एक साबण हवा होता' म्हणतो, कुणाकडे गेलो की 'जरा काम होतं तुमच्याकडे' म्हणतो, काम तर आत्ताच असतं, पण भूतकाळात टाकलं की समोरच्यावर दाब येत नाही. इथल्या जुन्या वेटरांचा एक ठरलेला विनोद आहे, तुम्ही केरीआ म्हणालात की ते विचारतात, 'केरीआ? झा नांव केर?', हवी होती? आता नको का? पहिल्यांदा मला हे ऐकून इतकं आपलं वाटलं, कारण कुडाळच्या हॉटेलात सुद्धा हा विनोद जसाच्या तसा मराठीत चालेल. ब्राझीलची माणसं अशा ठिकाणी 'गोस्तारीआ' (आवडलं असतं) सर्रास बोलतात, पोर्तुगालमध्ये बोलताना 'गुश्तावा', पण ऑफिसात मेल लिहिताना इथेही गुश्तारीआच.

म्हणून शिकायचा कशाला, तर लिहायला, पत्राला, बातम्या वाचायला, परीक्षेला, आणि ब्राझीलच्या कुणाशीही बोलायला. बातम्यांत तर हे रूप आलं की जपून वाचायचं. ब्राझीलच्या पेपरात 'ओ सुस्पेइतु तेरीआ फुजिदु' असं आलं तर त्यात कुठलीही अट नाही, त्याचा अर्थ 'संशयित पळाला म्हणे'. आपला 'म्हणे' आहे तो, पेपर सांगतोय की आम्ही खात्री देत नाही. तसंच गोष्टीत 'सेरीआंव देश ओराश' आलं तर दहा वाजले असावेत, अंदाज.

एक शेवटची गोष्ट, सरकारी पत्रात 'दार-ते-ईआ' असलं काही दिसलं तर घाबरू नका. 'दारीआ' म्हणजे दिलं असतं, आणि त्याच्या पोटात मधोमध 'ते' म्हणजे 'तुला' घातलंय. वर सांगितलं ना ते मुळात दोन शब्द होते, त्यांची शिवण अजून तिथे उसवता येते. हे ओळखता आलं की पुरे, स्वतः बोलायची गरज नाही, बोलताना लोक 'दावा-ते' म्हणून मोकळे होतात, आणि वाक्यात 'नांव' आणलंत तर ते 'ते' आपोआप पुढे सरकतं, 'नांव ते दारीआ'.

तर तुमच्या वहीत 'तेरीआ' खोडून 'तिवेस' लिहा आणि मागचा भाग तसाच ठेवा. मिस्टरांना फोनवर सांगताना मागे 'कोंप्रावा' म्हणा.