लिस्बनमधला ‘गोव्याचा सीडर’

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा भाचा नोकरीनिमित्त लिस्बनला असतो. तिथल्या प्रिन्सिपे रेआल बागेत एक जुनं झाड आहे. उंच कमी, पसरट जास्त, खालून फांद्यांना लोखंडी मांडवाचा आधार. कोणी तरी त्याला सांगितलं की ह्याचं इंग्रजी नाव ‘गोव्याचा सीडर’. फोटो पाठवून विचारतो, “मामी, आपल्याकडे हे कुठे असतं?” साठ वर्षं डिचोलीत काढली, मला तरी कधी दिसलं नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, ती हीच का? आणि भाच्याने बी आणलं तर आमच्या कुळागरात येईल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : भाच्याला कळवा, आपल्याकडे हे झाड नाही आणि रानात कधीच नव्हतं.

एवढं ठामपणे लिहिते, कारण ह्याच नावाने माझी एकदा भर वर्गात फजिती केली आहे. 1984 साली मी अकरावीला वनस्पतिशास्त्र शिकवत होते. जुन्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकात ‘सीडर ऑफ गोवा’ वाचलं आणि अभिमानाने फळ्यावर लिहिलं. असेल कुठे तरी सह्याद्रीत, असंही वर ठोकून दिलं. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत बापाबरोबर डोंगर पालथे घालून आला. हातांवर काट्यांचे ओरखडे. म्हणाला, “टीचर, झाड मेळ्ळें ना.” कसं सापडणार! त्यानंतर मी पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसले.

झालं होतं ते असं. पोर्तुगालात कुईंब्राजवळ बुसाकु नावाची टेकडी आहे. तिथे 1628 साली कार्मेलाइट संन्याशांनी मठ बांधायला घेतला आणि भोवती जंगल राखलं. राखलं म्हणजे किती, तर 1643 साली पोपनेच फर्मान काढलं की इथलं झाड तोडील तो धर्मबहिष्कृत. (आपल्या देवरायांना अशी सही कोणाची लागली नाही, तिथे देवाचं भय पुरलं.) 1634 च्या सुमारास तिथे हे झाड लावलं गेलं आणि चांगलंच माजलं. लंडनच्या चेल्सी बागेचा फिलिप मिलर 1768 साली त्याचं शास्त्रीय बारसं करायला बसला, तेव्हा बुसाकुची झाडं सव्वाशे वर्षांच्या पुढे गेलेली. त्याने नाव ठेवलं क्युप्रेसस ल्युसिटॅनिका. लुसितानिया म्हणजे पोर्तुगाल.

पण ते मूळचं पोर्तुगालचं दिसत नव्हतं. मग कुठलं? पोर्तुगीजांच्या मठात परदेशी झाड, आणि पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी गोवा. दोन अधिक दोन करून लोक मोकळे झाले. वस्तुतः ते मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या डोंगरांतलं. 1580 ते 1640 स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता आणि मेक्सिको स्पेनच्या ताब्यात, हे लक्षात घेतलं तर त्याची वाट अरबी समुद्रावरून शोधायची गरजच उरत नाही.

त्यात ‘सीडर’ हाही घोळ. पोर्तुगीजांचा ‘सेद्रु’ शब्द ऐसपैस, सुवासिक लाकूड दिसलं की सेद्रु. खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार, तो पाइनच्या कुळातला. बुसाकुचं झाड सायप्रस कुळातलं. म्हणजे गोव्याचंही नाही आणि सीडरही नाही. असे प्रकार ह्या कुळात आणखी आहेत. ‘काश्मिरी सायप्रस’ म्हणून जो शोभेचा लोंबत्या पानांचा वृक्ष विकतात, तो भूतान आणि अरुणाचलातला. भूतानचा तर तो राष्ट्रीय वृक्ष.

अलीकडे डीएनए आल्यावर आणखी गंमत झाली. 2006 साली डेमन लिटल ह्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने सायप्रसांचे डीएनए ताडून पाहिले. अमेरिका खंडातले सायप्रस आणि आशिया-युरोपातले सायप्रस दिसायला भावंडं वाटतात, पण अमेरिकेतल्यांचं जवळचं नातं निघालं ते अलास्काकडच्या नूटका सायप्रसशी आणि व्हिएतनामच्या चुनखडीच्या डोंगरांत 1999 साली सापडलेल्या एका झाडाशी. म्हणून 2009 साली अमेरिकेतल्यांचं वेगळं घर मांडलं गेलं : हेस्पेरोसायपॅरिस. अर्थ, मावळतीकडचा सायप्रस. पूर्वेचा म्हणून एवढी वर्षं मिरवलेल्या झाडाच्या नावातच आता पश्चिम आली! जुनं नाव मात्र पुस्तकांतून इतक्यात जायचं नाही.

आता मिरामारचे सुरू. तुमचा गोंधळ साहजिक आहे, दोष शब्दाचा. फारसीत ‘सर्व’ म्हणजे सायप्रस. तोच सरू, सुरू होत आपल्याकडे आला आणि किनाऱ्यावरच्या कॅज्युरिनाला चिकटला. कॅज्युरिना फुलझाडांच्या गोतातला, सायप्रसशी त्याचं काडीचं नातं नाही. काडीवरूनच ओळखा : सुरूची हिरवी काडी दोन्ही टोकांना धरून ओढा, सांध्यापाशी टक्कन सुटेल. सायप्रसच्या डहाळीवर माशाच्या खवल्यांसारखी बारीक पानं एकावर एक बसलेली असतात, ती अशी सुटत नाही.

बियांचं म्हणाल तर आणू नका. हे हजार मीटरच्या वरचं, थंड हवेचं झाड. तुमच्या कुळागरात पोफळी आणि मिरी सुखी, कारण तिथे दमट ऊब आहे. त्याला ती सोसणार नाही. शिवाय सरकारी परवानगी आणि तपासणीशिवाय परदेशी बी आणणं बेकायदा, आणि नियम उगाच नाहीत. केनियात ह्याच झाडाच्या मोठमोठ्या लागवडी आहेत. 1986 साली मलावीत सायप्रसवर एक परका मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला, चार वर्षांत तो केनियात पोचला आणि लागवडी वाळू लागल्या. शेवटी ह्या माव्यात अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी आणून सोडावी लागली.

मेक्सिकोचं काही हवंच असेल तर अंगणात बघा. खुरचाफा आणि चिकू दोन्ही तिकडचेच.

प्रश्न : आमच्या मोरपंखीची आतली पानं तपकिरी होऊन गळतात. झाड मरतंय का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : हा योग बरा जुळला, मोरपंखी त्याच सायप्रस कुळातली. लहानपणी पुस्तकात ठेवायचो ते ‘विद्येचं पान’ हेच. लिनियसने 1753 साली तिला थुजा म्हटलं; 1949 साली फ्रांकु ह्या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने प्लॅटिक्लॅडसमध्ये नेलं. नर्सरीवाले अजून थुजाच म्हणतात, म्हणू देत.

बाहेरून हिरवी असेल तर काळजी नको. आत ऊन पोचत नाही, म्हणून आतली जुनी पानं वाळतात. हलक्या हाताने झाडून काढा. शेंडे तपकिरी होत असतील तर मात्र मुळाशी पाणी साचतंय. आपल्या पावसात कुंडीचं भोक बुजतं. कुंडी दोन विटांवर चढवा. आणि छाटताना हिरव्यातच कापा. तपकिरी लाकडापर्यंत कात्री गेली की तिथे पुन्हा फुटवा येत नाही. आमच्या दारातल्या मोरपंखीला माझ्या मिस्टरांनी पाडलेलं भोक गेली सहा वर्षं तसंच आहे.