राग निवेदकाचा की लेखकाचा?

काल वाचनालयात "या माणसाचा नुसता रागच येतोय" म्हणत तू कादंबरी परत करायला निघालीस. खानापूरची बस गाठायची होती, म्हणून बोलणं राहून गेलं. ऐक की गं, राग निवेदकाचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पात्राचा येतोय की लेखकाचा, एवढं आधी ठरव.

भालचंद्र नेमाडेंच्या 1963 सालच्या 'कोसला' कादंबरीतला निवेदक पांडुरंग सांगवीकर मलाही पहिल्यांदा सोसवला नव्हता. पुण्यात वडिलांचे पैसे उडवतो, सगळ्यांना नावं ठेवतो. पण धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी पोचले आणि त्याचं ते तुटक बोलणं काळजात रुतलं. माणूस आवडला नाहीच, कळला मात्र. असं एखादं पान तुझ्या कादंबरीत आहे का बघ. निवेदक स्वतःलाच फसवतोय असं वाटेल तिथं बसचं तिकीट खुणेला घालून ठेव. ते फसवणं लेखकालाही दिसतंय अशी शंका आली, तर पुढं वाच.

लेखकच त्याच्यावर भाळलाय, बाकीची माणसं नुसती त्याची री ओढायला येतायत, असं शंभर पानांनंतरही वाटलं तर खुशाल परत कर. मीही तशा कितीतरी केल्यात.