१९११ अडकतेय? कानस हातात घेण्याआधी मॅगझिन बदलून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनला जुनी कोल्ट गव्हर्नमेंट मॉडेल, सीरिज ८० (१९११ रचनेची पिस्तूल), घेतली. दर दुसऱ्या मॅगझिनला एखादी रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागात) उभी अडकते, कधी नवी गोळी नाक वर करून मध्येच थांबते. दुकानदार म्हणतो फीड रॅम्प (गोळी चेंबरकडे, म्हणजे बॅरलमधल्या गोळीच्या जागेकडे, चढवणारा उतार) पॉलिश करून घ्या, रेंजवरचे म्हणतात एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) बदला. शिवाय मित्राकडच्या युद्धकाळातल्या रेमिंग्टन रँड पिस्तुलाला नवा रंग द्यावा का, हेही विचारलंय.

रॅम्पला अजिबात हात लावू नका. या पिस्तुलात खर्च नेहमी उलट्या क्रमाने होतो. आधी धातू घासला जातो, मग स्प्रिंगा बदलल्या जातात, आणि शेवटी कळतं की मॅगझिनच्या ओठांत (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या वळलेल्या कडांत) दोष होता. घासलेला धातू परत येत नाही.

तेव्हा आधी मॅगझिन. तुमच्याकडे असतील त्या सगळ्यांच्या तळाला मार्करने १, २, ३ असे आकडे टाका आणि प्रत्येक अडथळा कोणत्या मॅगझिनवर आला ते लिहून ठेवा. दोनशे गोळ्यांत चित्र स्पष्ट होतं. एकाच आकड्यावर अडत असेल तर ते मॅगझिन सरळ टाकून द्या. पक्कड घेऊन ओठ वाकवत बसू नका. मूळ रचना सात गोळ्यांची. आठवाल्यांतही चांगली आहेत, पण त्याच लांबीत आठवी गोळी बसवताना स्प्रिंगला जागा कमी पडते आणि ती लवकर थकते. जुन्या लष्करी धर्तीच्या फॉलोअरवर (मॅगझिनमधल्या गोळ्यांखालच्या पट्टीवर) मधोमध एक छोटा उंचवटा असतो. तो शोभेचा नाही. धक्क्याने शेवटची गोळी पुढे घसरू नये म्हणून तो आहे. सपाट फॉलोअरची स्वस्त मॅगझिन्स नेमकी शेवटच्या गोळीला दगा देतात. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नसेल तर फॉलोअर किंवा स्प्रिंग तपासा. गोळ्या शिल्लक असताना मध्येच थांबत असेल तर गोळीचं नाक स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडवणाऱ्या खटक्याच्या) आतल्या खुंटीला लागतंय, किंवा तुमचाच अंगठा तो वर ढकलतोय.

मग गोळ्या. चाचणी २३० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं एकक) साध्या गोल नाकाच्या फुल मेटल जॅकेटवरच, म्हणजे पूर्ण धातूच्या आवरणाच्या गोळीवरच करा. जॉन ब्राउनिंगने हे यंत्र त्याच आकारासाठी आखलं, आणि मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलं तेही त्याच गोळीसह. रुंद तोंडाच्या, आखूड होलो पॉइंटवर (टोकाला खळगा असलेल्या गोळीवर) अडते आणि गोल नाकावर चालते, तर पिस्तूल बिघडलेलं नाही, तिला ती गोळी मानवत नाही एवढंच. दुसरा ब्रँड पाहा. रीलोड केलेल्या गोळ्या या चाचणीत नकोतच.

तिसरी रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी. पाच इंची बॅरलला कारखान्याची स्प्रिंग १६ पौंडांची असते. जुन्या पिस्तुलात आधीच्या मालकाने काय घातलंय याचा भरवसा नसतो, म्हणून नवी १६ची आणून शेजारी ठेवा. जुनी स्पष्ट आखूड दिसली तर बाद. दोन ते तीन हजार गोळ्यांनी ती बदलावीच, सोबत फायरिंग पिनची (गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या सुईची) स्प्रिंगही. 'फ्रेम वाचते' म्हणून लोक २० पौंडी घालतात. त्याने स्लाइड पुरती मागे जात नाही, पुंगळी नीट फेकली जात नाही आणि ती उभी अडकते. वर परत येताना स्लाइड इतकी जोरात येते की मॅगझिनला पुढची गोळी वर ढकलायला वेळ पुरत नाही. तुमची दोन्ही लक्षणं एवढ्याने येऊ शकतात.

आता एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रेंजवरचे बरोबर असण्याची शक्यता. १९११ पिस्तुलात तो स्प्रिंग स्टीलची एक लांब पट्टी असतो. वेगळी स्प्रिंग नाही, पट्टीचा स्वतःचा ताण हीच स्प्रिंग. तपासायला डमी गोळी घ्या, जिवंत नको. स्लाइड उतरवा, बॅरल काढा आणि डमीची कड खालून सरकवून ब्रीचफेसवर (स्लाइडच्या गोळीच्या बुडाला टेकणाऱ्या सपाट भागावर) एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली बसवा. बोटाच्या हलक्या दाबाने ती सरकली पाहिजे, आणि स्लाइड हळूच हलवली तरी डमी लटकून राहिली पाहिजे. पडली तर ताण कमी आहे. सरकतच नसेल तर ताण जास्त आहे किंवा आकड्याची खालची कड धारदार राहिली आहे. नाक वर करून थांबणाऱ्या गोळीचं हे नेहमीचं कारण. रिकाम्या पुंगळ्या एकदा उजवीकडे, एकदा थेट कपाळावर येत असतील तरी संशय इथेच घ्या.

एक्स्ट्रॅक्टर बिघडवणारी सवय एकच: चेंबरमध्ये हाताने गोळी टाकून वर स्लाइड सोडणे. या रचनेत गोळीची कड मॅगझिनमधून वर येता येता आकड्याखाली सरकते. आधीच चेंबरमध्ये बसलेल्या गोळीवर स्लाइड आदळली की आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते, आणि ताण जातो. गोळी नेहमी मॅगझिनमधूनच भरा. तीच गोळी रोज काढून रोज भरू नका. नाक आपटून ती केसमध्ये आत बसते आणि उडवताना दाब धोकादायक वाढतो.

नवा एक्स्ट्रॅक्टर मागवताना सीरिज ८० असं स्पष्ट सांगा. १९८३ पासूनच्या या मालिकेत फायरिंग पिन अडवणारा प्लंजर आहे आणि त्यासाठी एक्स्ट्रॅक्टरला खाच असते. आधीच्या सीरिज ७० चा चालणार नाही. मागची फायरिंग पिन स्टॉपची पट्टी सैल असेल तर एक्स्ट्रॅक्टर आपल्या खोबणीत किंचित फिरतो, आणि मग ताण कितीही बरोबर असो, पुंगळ्या वेड्यावाकड्या उडतात. ही पट्टी बहुतेक जण पाहतच नाहीत.

एवढं झाल्यावर रॅम्प, आणि तोही फक्त बघायचा. फ्रेमचा उतार आणि बॅरलचा उतार यांच्यात बॅरल खाली बसलेली असताना सुमारे पाऊण मिलिमीटरची पायरी हवी. ती मोटार लावून 'एकसंध गुळगुळीत' करणाऱ्यांनी जेवढ्या फ्रेमी वाया घालवल्या, तेवढ्या गंजाने घालवल्या नसतील. पायरीच नसेल तर ते काम बंदूकमिस्त्रीचं आहे.

उघडताना मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, आणि चष्मा डोळ्यावर. बॅरल बुशिंगखालचा प्लग दाबून बुशिंग पाव वळसा फिरवताना अंगठा सुटला तर तो प्लग थेट तोंडावर येतो. जोडताना स्लाइड स्टॉप खालून वर वळवत आणला की फ्रेमच्या डाव्या बाजूला चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटतो. पातळ प्लास्टिकच्या पट्टीने छोटा प्लंजर आत दाबा आणि स्टॉप सरळ आत ढकला. त्या प्लंजरची नळी फ्रेमवर रिव्हेट करून बसवलेली असते, तीही नखाने हलवून पाहा. ती सैल झाली की थम्ब सेफ्टी अडकू शकते.

तेल रेल्सवर, बॅरलच्या वरच्या लग्जवर (कंगोऱ्यांवर), बुशिंगच्या आत आणि लिंकवर (बॅरलखालच्या छोट्या सांध्यावर). फायरिंग पिनची खोबण कोरडी ठेवा. तिथलं तेल काजळी धरतं आणि थंडीत घट्ट होतं. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका, सिअरच्या (चढवलेला हॅमर अडवून धरणाऱ्या भागाच्या) धारेला मार बसतो.

जुनी पिस्तूल घरी आली की रिकामी असल्याची खात्री करून तीन गोष्टी पाहायच्याच. हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर दाबून सोडा, मग सेफ्टी काढा. हॅमर जागचा हलता कामा नये. मागची ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढा. हॅमर पडता कामा नये. स्लाइड पाच-सहा मिलिमीटर मागे धरून ट्रिगर दाबा. तरीही पडता कामा नये. यातलं एकही चुकलं तर ती भरायचीच नाही, थेट मिस्त्रीकडे. हाफ-कॉक (हॅमर अर्धवट चढलेली स्थिती) ही सेफ्टी समजून कोणी वापरत असेल तर त्याला थांबवा.

मित्राच्या रेमिंग्टन रँडला रंग नको. टाइपरायटरच्या या कंपनीने दुसऱ्या महायुद्धात एम१९११ए१ इतरांपेक्षा जास्त बनवल्या, तरी मूळ फॉस्फेट फिनिश आणि तपासनिसांचे शिक्के हीच तिची किंमत आहे. पुसट झालेली, डागाळलेलीही तशीच ठेवावी. शिवणयंत्रांच्या सिंगरने अशा फक्त ५०० बनवल्या. त्यातली एखादी रंगवली गेली असेल तर संग्राहक आजही हळहळतात. शिवाय त्या काळच्या बॅरलमधून आजचे जास्त दाबाचे '+पी' काडतूस उडवू नये.

आणि रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. पुण्या-मुंबईला येताना तिच्या शिवणीत अडकलेली एक जिवंत गोळी विमानतळावर सापडली, तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, मग टेक्सासचे कागद कितीही बरोबर असोत.

मॅगझिनचे आकडे, पुंगळ्या कोणत्या दिशेला पडतात, आणि डमी लटकते की पडते, एवढं कळवा. मग पुढचं सांगता येईल.