वाचकांचे प्रश्न : पुरावा आहे, पण दावा उभा राहत नाही

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी रावेर तालुक्यातल्या ४० केळी उत्पादकांकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘ठिबकमुळे खान्देशात केळीचे उत्पादन वाढले’ असे लिहून खाली तक्ता जोडला. मार्गदर्शकांनी समासात ‘मग काय?’ एवढेच लिहून प्रकरण परत दिले. तक्त्यात काय कमी आहे? – एक विद्यार्थिनी, सावदा

उत्तर : तक्ता ठीक आहे. तक्ता आणि दावा यांना जोडणारे वाक्य मात्र तुम्ही लिहिलेलेच नाही. न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, नेहमीचा दाखला घ्या : डोंगरावर विस्तव आहे, कारण धूर दिसतो. विस्तव हा दावा, धूर हा पुरावा. पण ‘जिथे धूर तिथे विस्तव’ ही व्याप्ती, म्हणजे दोघांना जोडणारा नियम, मान्य असेल तरच धुरावरून विस्तव सिद्ध होतो. तुमच्या प्रकरणात नेमकी हीच जागा रिकामी आहे. तिथे लिहा : ठिबकने पाणी आणि विद्राव्य खत मुळाशी थोडेथोडे, वरचेवर पोचते, झाडाला ताण बसत नाही, म्हणून घड भरतो.

मग पुढची शंका स्वतःच काढा. याच शास्त्रात उलटे विधानही तपासले आहे : जिथे विस्तव तिथे धूर असतोच का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर निघतो तो सरपण ओले असल्यामुळे. अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. तुमच्या तक्त्यातले ओले सरपण शोधा. ठिबक बसवणाऱ्याने टिश्यूकल्चर रोपे लावली असतील आणि मोकाट पाणी देणाऱ्याने कंद, तर घडाचे वजन नक्की कशामुळे वाढले? म्हणून आधी फक्त टिश्यूकल्चरवाले वेगळे काढा. त्यांतही मृगबाग (जून-जुलैची लागवड) आणि कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड) एकत्र करू नका, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेले पीक) तर बाजूलाच ठेवा. ठिबक आणि मोकाट पाणी यांची तुलना त्यानंतर. एखाद्या गटात पाचच नावे उरली तर टक्केवारी नको, नुसती संख्या द्या; पाचातला एक म्हणजे ‘२० टक्के’ लिहिले की वाचकाची फसगत होते.

‘खान्देशात’ हा शब्दही काढा. रावेरच्या ४० बागांवरून शहाद्याबद्दल बोलता येत नाही. ‘वाढले’ही नको; एका हंगामाची पाहणी ‘जास्त आढळले’ एवढेच सांगू शकते. वाक्य लहान होईल, पण तोंडी परीक्षेत टिकेल.

प्रश्न : १९९१ ते २००१ या काळात धुळे जिल्ह्याची लोकसंख्या घटली, असे जनगणनेचा संदर्भ देऊन लिहिले. आकडे तंतोतंत आहेत, तरी विधान चूक ठरले. का? – एक वाचक, धुळे

उत्तर : आकडे बरोबर, पण जिल्हा तोच राहिलेला नाही. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. १९९१ च्या धुळ्यात नंदुरबार धरलेला आहे, २००१ च्या धुळ्यात नाही. जुन्या नोंदींतही हाच खड्डा आहे : १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे १९०१ चा खान्देश आणि १९११ चा पश्चिम खान्देश शेजारी मांडता येत नाहीत. जनगणनेच्या दशवार्षिक बदलाच्या तक्त्यात मागचे आकडे नव्या हद्दीप्रमाणे बसवून दिलेले असतात. तेच घ्या, आणि तक्त्याखाली कोणत्या वर्षाची हद्द धरली ते एका ओळीत लिहा.